४के मॉनिटर पुन्हा पुन्हा ३० हर्ट्झवरच का अडकतो? केबल बदलण्याआधी करायचा हिशेब

भाचीच्या फोनवरची तक्रार एका वाक्याची होती. "मामा, माउस चिकटतोय." ती घरून पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावते. त्यासाठी नवा २७ इंची ४के मॉनिटर घेतला होता. लॅपटॉपला टाइप-सी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी), हबमधून एचडीएमआय केबल आणि ती मॉनिटरला, अशी जोडणी. चित्र स्वच्छ होतं, पण बाण ठेचकाळत चालायचा आणि पान वर-खाली केलं की ओळी तुटत सरकायच्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा, ३० हर्ट्झ दिसत होता आणि यादीत त्याच्यावरचा आकडाच नव्हता. दुकानदाराने केबल बदलून दिली, तरी ३०. मग तिने पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणखी महागातली केबल आणली, तरी ३०.

हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा येतो. तक्रार प्रत्येकाची हीच असते, पण कारण दरवेळी निराळ्या ठिकाणी सापडतं. संगणकातली ग्राफिक्स चिप, तिचा पोर्ट, मधला हब किंवा अडॅप्टर, केबल, मॉनिटरचा पोर्ट आणि मॉनिटरच्या मेनूतलं सेटिंग, या सगळ्यांतून चित्र जातं. यांतल्या ज्याची क्षमता सगळ्यांत कमी, त्याच्यावर तुमचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट ठरतो. बाकीचं सगळं कितीही भारी असलं तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून केबलवर पैसे घालण्याआधी कागद-पेन घ्या. गुणाकार सोपा आहे.

किती माहिती जायला हवी?

४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल असतात, म्हणजे एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला ८-८ बिट, एकूण २४. सेकंदाला अशी ६० चित्रं पाठवायची तर ११.९४ गिगाबिट झाले.

पण एवढ्यावर भागत नाही. दोन ओळींच्या मध्ये आणि दोन चित्रांच्या मध्ये थोडी मोकळी जागा पाठवली जाते. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांत इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ रंगवून झाली की परत डावीकडे यायचा, आणि चित्र संपलं की पुन्हा वर जायचा. त्याला वेळ देण्यासाठी ही जागा ठेवलेली होती. ती नळी गेली, पण जागा राहिली. आता तिच्यातून आवाजासारखी इतर माहिती जाते. टीव्हीच्या प्रमाणानुसार ४के चित्र या जागेसह ४४०० बाय २२५० असं मोजतात. त्यामुळे ६० हर्ट्झला १४.२६ गिगाबिट लागतात. संगणकाच्या मॉनिटरसाठी ही जागा कमी केलेलं मोजमाप वापरलं तर सुमारे १२.८ गिगाबिटमध्ये भागतं. ३० हर्ट्झला बरोबर निम्मं, म्हणजे टीव्हीच्या मोजमापाने ७.१३.

आता दुसरी बाजू. खोक्यावर छापलेला वेग आणि चित्राला मिळणारा वेग यांत फरक असतो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या चित्र नेणाऱ्या दोन जोडण्या, आणि त्यांच्यापुढचा आकडा म्हणजे त्यांची प्रत, आवृत्ती. एचडीएमआय २.० पर्यंत आणि डिस्प्लेपोर्ट १.४ पर्यंत दर ८ बिट माहितीमागे तारेवरून १० बिट पाठवावे लागतात, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच जातो. तो वजा करून उरलेले आकडे असे:

एचडीएमआय १.४: छापील १०.२, चित्रासाठी ८.१६ गिगाबिट
एचडीएमआय २.०: छापील १८, चित्रासाठी १४.४
एचडीएमआय २.१: छापील ४८, चित्रासाठी सुमारे ४२.६
डिस्प्लेपोर्ट १.२: छापील २१.६, चित्रासाठी १७.२८
डिस्प्लेपोर्ट १.४: छापील ३२.४, चित्रासाठी २५.९२

एचडीएमआय १.४ ची क्षमता ८.१६. ४केला ३० हर्ट्झवर ७.१३ लागतात, ते बसतं. ६० हर्ट्झवर १४.२६ लागतात, ते बसत नाही. यादीत ३० च्या वरचा आकडा न दिसण्याचं कारण एवढंच आहे. संगणक काही लपवत नाहीये. मधल्या एखाद्या वस्तूची मर्यादा त्याला कळली आहे आणि तो तेवढेच पर्याय दाखवतोय.

हाच गुणाकार बाकीच्या मॉनिटरांनाही लागतो. २५६० बाय १४४० चा, १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर घेतला तर मोकळ्या जागेसह सुमारे १४.१ गिगाबिट लागतात. एचडीएमआय २.० मध्ये ते जेमतेम बसतं, १.४ मध्ये बसत नाही. म्हणून "१४४ चा मॉनिटर आहे, पण ७५ च्या वर जात नाही" ही तक्रार आली की मी सगळ्यांत आधी डिस्प्लेपोर्टची केबल लावून पाहायला सांगतो. अशा कितीतरी मॉनिटरांना एचडीएमआय पोर्ट जुन्या प्रतीचा आणि डिस्प्लेपोर्ट पूर्ण वेगाचा दिलेला असतो. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक पोर्टपुढे त्याचा कमाल आकडा वेगळा लिहिलेला असतो. खोक्यावर मात्र सगळ्यांत मोठाच छापतात.

भाचीच्या हबमध्ये काय होतं

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल बाहेर येत होता, प्रत १.२ ची. त्याची पूर्ण क्षमता १७.२८, म्हणजे ४के ६० हर्ट्झला भरपूर. मग अडलं कुठे?

डिस्प्लेपोर्टमध्ये चार लेन, म्हणजे माहिती जायच्या चार वाटा असतात आणि टाइप-सीमध्येही तारांच्या वेगवान जोड्या चारच असतात. हबला वेगवान यूएसबीचे पोर्ट असतील तर त्यांतल्या दोन जोड्या यूएसबीकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. १.२ च्या प्रत्येक लेनचा वेग ५.४ गिगाबिट. दोन लेनचे १०.८, त्यातला पाचवा हिस्सा गेला की उरले ८.६४. ४के ६० ला सुमारे १२.८ हवेत. म्हणजे हबच्या पुढे सोन्याची केबल लावली असती तरी ३० चे ६० झाले नसते. तिने विकत घेतलेल्या दोन्ही केबली ठणठणीत होत्या.

हबच्या खोक्यावर "४के" ठळक अक्षरांत होतं आणि "३० हर्ट्झ" मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. हे मला मनापासून खटकतं. अर्धा पगार मॉनिटरवर घालणाऱ्या माणसाला त्या बारीक ओळीमुळे दुप्पट खर्च होतो.

उपाय हबला वगळण्याचा होता. टाइप-सीची थेट डिस्प्लेपोर्टला जाणारी केबल घेतली. तिच्यात यूएसबीचा वाटा नसल्याने चारही लेन चित्राला मिळाल्या. लॅपटॉपच्या दुसऱ्या टाइप-सी पोर्टवर हब गेला, त्यावर कीबोर्ड-माउस. यादीत ६० आला.

नवा लॅपटॉप आणि नवा हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर प्रत्येक लेन ८.१ गिगाबिटची होते आणि दोनच लेनमध्ये १२.९६ मिळतात. १२.८ त्यात केसाच्या अंतराने बसतात. म्हणून तोच हब एका लॅपटॉपवर ६० देतो आणि दुसऱ्यावर ३०, आणि लोक हबला दोष देत बसतात. पण हबमध्ये डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारी चिपही असते. ती एचडीएमआय १.४ ची असेल तर लॅपटॉप कितीही नवा असो, ३० च.

टाइप-सी केबलने थेट जोडता येणारे काही मॉनिटर लेनच्या या वाटणीचा निर्णय तुमच्यावर सोपवतात. त्यांच्या मेनूत यूएसबीला वेग द्यायचा की चित्राला, असा पर्याय असतो. यूएसबीला दिलेला असेल तर मॉनिटर पुन्हा ३० वर येतो. मेनूत कोणी चुकून बोट लावलं की कालपर्यंत नीट असलेला पडदा आज ठेचकाळायला लागतो.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच

भाचीने टेबल खिडकीपाशी हलवलं. केबल पुरेना, म्हणून तिने डिस्प्लेपोर्टची तीन मीटरची वाढीव तार जोडली. पुन्हा ३० हर्ट्झ, आणि पुन्हा फोन. यावेळी हब मध्ये नव्हताच.

डिस्प्लेपोर्ट जोडताक्षणी संगणक आणि मॉनिटर एकमेकांशी चाचणी घेतात. आधी वरचा वेग लावून पाहतात. चुका फार येत असतील तर वेग किंवा लेन कमी करतात आणि जिथे सिग्नल स्वच्छ जातो तिथे थांबतात. लांबलेल्या तारेवर आणि मधल्या सांध्यावर ५.४ चा वेग टिकला नाही, तो २.७ वर उतरला. चार लेन, प्रत्येकी २.७, म्हणजे १०.८, पाचवा हिस्सा गेला की ८.६४. पहिल्या वेळचाच आकडा, वेगळ्या वाटेने आलेला. वाढीव तार काढून एकच सलग आणि चांगली केबल लावली, तसा ६० परत आला.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण खराब केबल डिस्प्लेपोर्टवर आणि एचडीएमआयवर वेगवेगळी लक्षणं दाखवते. डिस्प्लेपोर्ट मुकाट्याने वेग उतरवतो आणि यादीतून पर्याय नाहीसे होतात. एचडीएमआय २.० पर्यंत अशी चाचणी नसते. तिथे यादीत ६० दिसतो, निवडताही येतो, पण मग पडदा मध्येच काळा होऊन परत येतो, पांढरे ठिपके चमचमतात किंवा "सिग्नल नाही" अशी पाटी दिसते. म्हणून मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो. पर्याय दिसतच नाही, की दिसतो पण निवडल्यावर गडबड होते? एचडीएमआयवर पर्याय दिसत नसेल तर केबलवर संशय शेवटी घ्या, आधी पोर्ट, हब आणि मेनू तपासा. पर्याय दिसून गडबड होत असेल तर केबलपासूनच सुरुवात करा.

केबल घ्यायचीच असेल तर

"२.१ ची केबल द्या" असं दुकानात सांगू नका. एचडीएमआय केबलची वर्गवारी प्रतीच्या आकड्याने होत नाही, नावाने होते. हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ आणि अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. खोक्यावर प्रमाणित असल्याचं लेबल हवं, आणि त्यावरचा कोड फोनवर तपासता आला पाहिजे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तुमच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात, "८के" असं ठसठशीत छापलेली पण लेबल नसलेली केबल परत द्या. त्याच वेळी, तुम्हाला ४के ६० च हवं असेल आणि अंतर दोन मीटरचं असेल तर प्रीमियम हाय स्पीड पुरते. सोन्याचा मुलामा आणि दोऱ्याचं विणकाम यांनी वेग वाढत नाही.

मॉनिटर किंवा टीव्हीवर लिहिलेल्या "एचडीएमआय २.१" वरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २.१ मधली ४८ गिगाबिटची क्षमता आणि ४के १२० ऐच्छिक आहेत. ती न देताही ती प्रत लिहिता येते. प्रतीच्या आकड्याऐवजी "या पोर्टवर कमाल किती रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ" हे विचारा.

ऑफिसातला जुना डेस्कटॉप

हब नाही, केबल नवी, मॉनिटर नवा, तरी ३० किंवा २४ हर्ट्झ. असं असेल तर संगणकाचा स्वतःचा एचडीएमआय पोर्ट पाहा. इंटेलच्या सातव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतलं एचडी ग्राफिक्स ६३० घ्या. इंटेलच्या तपशीलात त्याचा एचडीएमआयवरचा कमाल आकडा ४०९६ बाय २३०४ आणि २४ हर्ट्झ असा दिलेला आहे. त्याच चिपचा डिस्प्लेपोर्टवरचा आकडा ६० हर्ट्झ आहे. अशा यंत्राच्या मागे डिस्प्लेपोर्टचं भोक असेल तर तीनशे-चारशे रुपयांच्या केबलने काम होतं, नवा संगणक लागत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डालाच लावली आहे ना, हेही वाकून पाहा. मदरबोर्डवरच्या पोर्टला लावलेली केबल मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे.

डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारे स्वस्तातले छोटे अडॅप्टरही इथेच अडवतात. त्यांतले बरेच स्वतः काही रूपांतर करत नाहीत, फक्त सिग्नलची पातळी जुळवतात आणि ४के ३० ला थांबतात. ६० साठी "अ‍ॅक्टिव्ह" लिहिलेला आणि ४के ६० स्पष्ट नमूद केलेला अडॅप्टर घ्या. शिवाय हे अडॅप्टर एकाच दिशेने चालतात. एचडीएमआय असलेला लॅपटॉप त्यांच्यातून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला जोडता येत नाही.

६० मिळाले, पण अक्षरं फिसकटली

ही तक्रार कमी येते, पण मराठीत काम करणाऱ्यांना ती जास्त जाचते. रिझोल्यूशन ४के, रिफ्रेश रेट ६०, आणि तरी रंगीत अक्षरांच्या कडा पुसट. काळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल मजकुरात अनुस्वाराचा टिंब, रफाराची कमान, वेलांटीचं टोक पार्श्वभूमीत विरघळतं. पांढऱ्यावर काळं मात्र ठीक दिसतं.

क्षमता कमी पडली की संगणक रंगात काटकसर करतो. प्रत्येक ठिपक्याची उजेड-अंधाराची माहिती पूर्ण पाठवतो, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांच्या चौकटीत मिळून एकदाच. याला ४:२:० म्हणतात, आणि त्यात माहिती निम्मी होते. दोन-दोन ठिपक्यांत रंग वाटून घेणारा मधला प्रकार ४:२:२. चित्रपट पाहताना हे लक्षातही येत नाही, पानं लावताना डोळे दुखतात.

हे बहुतेकदा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारी पद्धत, सुरू केल्यावर होतं. एचडीआरला रंगामागे ८ ऐवजी १० बिट लागतात, म्हणजे ठिपक्यामागे ३०. ४के ६० चे १४.२६ वरून १७.८२ होतात, आणि एचडीएमआय २.० ची मर्यादा १४.४ आहे. मग रंगावर कात्री चालते. अक्षरांचं काम करताना एचडीआर बंद ठेवा, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी किंवा ४:४:४ निवडा, म्हणजे रंगात काटकसर होत नाही. टीव्हीचा मॉनिटर म्हणून वापर करत असाल तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टचं वाढीव सिग्नलचं सेटिंग चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये ते "इनपुट सिग्नल प्लस", एलजीमध्ये "अल्ट्रा एचडी डीप कलर", सोनीमध्ये "एन्हान्स्ड फॉरमॅट" अशा नावांनी सापडतं. ते बंद असेल तर पोर्ट जुन्या प्रतीसारखा वागतो.

नेमकं काय चाललंय ते कुठे पाहायचं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि तिथे अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष जाणारा सिग्नल या दोन वेगळ्या ओळी आहेत. दुसरी ओळ खरी. खाली बिट आणि रंगाचा प्रकारही लिहिलेला असतो. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत इनपुटची माहिती उघडून तोच आकडा दिसतो का ते पडताळा. ६० ऐवजी ५९.९४ दिसला तर घाबरू नका, तो टीव्हीच्या जुन्या प्रमाणातून आलेला आकडा आहे, बिघाड नाही. लिनक्सवर xrandr (एक्सआरअँडआर) ही आज्ञा सगळे पर्याय दाखवते आणि चालू असलेल्यापुढे तारका लावते.

यानंतर मधली एकेक वस्तू काढत जा. हब काढून थेट जोडा. मग केबल बदला. मग मॉनिटरचा दुसरा पोर्ट. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून शोधावं लागतं. एकाच हबला दोन मॉनिटर असतील तर त्यांतला एक काढूनही पाहा, कारण क्षमता दोघांत वाटली जाते. मॅकबुक असेल आणि एका हबवरच्या दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसत असेल, तर ती मात्र क्षमतेची अडचण नाही. एका डिस्प्लेपोर्ट जोडणीतून दोन स्वतंत्र पडदे चालवण्याची पद्धत मॅकओएस वापरत नाही.

४के १४४ चे मॉनिटर आता घरोघरी येऊ लागलेत. त्यांना ३१ गिगाबिटच्या वर लागतात आणि डिस्प्लेपोर्ट १.४ कडे २५.९२ च आहेत. तिथे डीएससी नावाची संपीडनाची पद्धत कामाला येते. ती ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोघांकडेही असावी लागते. एकाकडे नसेल तर ४के १२० हा शेवटचा थांबा, तोही ८ बिटवर.

काहीच नवीन घ्यायचं नसेल तर

हब एचडीएमआय १.४ चाच आहे, सध्या खर्च नको, आणि ३० हर्ट्झ सहन होत नाही. अशा वेळी रिझोल्यूशन २५६० बाय १४४० करा. ६० हर्ट्झला त्याला ५.८ गिगाबिट लागतात, ८.१६ मध्ये आरामात. ४के पडद्यावर अक्षरं थोडी मऊ दिसतील, पण माउस हाताबरोबर चालेल. दिवसभर लिहिणं, हिशेब, ब्राउझर असं काम असेल तर मी हेच करेन. छपाईआधी पानं तपासताना, जिथे हालचाल कमी आणि बारकावा जास्त पाहायचा असतो, तेवढ्यापुरतं ४के ३० वर या. भाचीच्या ऑफिसातली एक मुलगी सध्या असंच काम करते आहे. विंडोज कळ आणि पी दाबून ती जोडलेला पडदा बंद-चालू करते, आणि पानं तपासायच्या वेळी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बदलते. पुढच्या महिन्यात तिची टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल येईल.